हनीफभाईंचं टिंब

अन्याय झाला तो हनीफ पिंजारी यांच्यावर. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. ठिकाण: धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, पहिला मजला, जिन्याशेजारची खोली. वेळ मी मनाने लिहीत नाही. सर्व्हर बदलायला आलेल्या कंपनीच्या अहवालात ती छापलेली आहे: जुनी डिस्क कोरी केली, ११.२०.

मला पत्रकं लिहायची सवय, म्हणून असं सुरू झालं. पत्रकात माणूस नावापुरता येतो आणि लगेच मागण्या लागतात. हनीफभाईंच्या बाबतीत मी ही चूक एकदा केलेली आहे. आज मागणी शेवटी. आधी माणूस.

कागदावर ते ‘प्रयोगशाळा मदतनीस (कंत्राटी)’ होते. प्रत्यक्षात त्या खोलीतली चाळीस यंत्रं, एक सर्व्हर, दोन पंखे आणि आम्ही पोरंपोरी, हे सगळं त्यांच्या जिवावर चालायचं. प्राध्यापक तासाला येऊन फळ्यावर लिहायचे आणि जायचे. चालत का नाही, हे हनीफभाईंना विचारायचं. पांढरा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर बोटभर लांबीची पेन्सिल. पेन्सिल कधी बोटाहून मोठी पाहिली नाही. नवीन पेन्सिल ते तोडून तीन तुकडे करायचे आणि दोन तुकडे कोणाला तरी देऊन टाकायचे.

त्यांच्या घरी कापूस पिंजायचा धंदा होता. वडील गाद्या भरायचे. “गिऱ्हाईक गादीचं वरचं कापड बघायचं,” ते सांगायचे. “पट्टे सरळ आहेत का, शिवण नीट आहे का. अब्बा दुसऱ्याची गादी बघायला गेले की उसवायचे आणि हात आत घालायचे.” मग आमच्याकडे बघून म्हणायचे, “तुम्ही सगळी वरचं कापड बघणारी पोरं.”

हे ते म्हणायचे लिनक्सच्या पहिल्या तासाला. फोल्डरमध्ये काय काय आहे हे बघायचं तर एलएस हा हुकूम द्यायचा, यादी समोर येते. आम्ही दिला. यादी रिकामी. हनीफभाई म्हणाले, “काय आहे आत?”

“काही नाही.”

“नक्की?”

“रिकामं आहे ना भाई, दिसतंय की.”

“आता डॅश ए लाव.”

लावलं. सात फायली. त्या सातही नावांच्या सुरुवातीला एकेक टिंब होतं. नावाआधी टिंब असेल तर साध्या यादीत ते नाव येत नाही. फाइल जागेवरच असते, भरलेली असते, कोणी तिला कुलूप लावलेलं नसतं. फक्त विचारणाऱ्याने ‘सगळं दाखव’ असं म्हटलेलं नसतं. डॅश ए म्हणजे तेवढंच.

“हा बावळटपणा कोणी केला?” मी विचारलं होतं. मी तेव्हापासूनच अशी.

त्यांनी फळ्यावर दोन नावं काढली. एक नुसतं टिंब, एक दोन टिंबं. प्रत्येक फोल्डरच्या यादीत ही दोन नावं असतातच. पहिलं म्हणजे ते फोल्डर स्वतः, दुसरं म्हणजे त्याच्या वरचं. दर वेळी ती डोळ्यांसमोर नकोत म्हणून फार वर्षांपूर्वी एलएस लिहिणाऱ्याने सोपा रस्ता काढला: पहिलं अक्षर टिंब असेल तर नाव दाखवू नको. त्याला दोनच नावं वगळायची होती. नियम असा लिहिला गेला की टिंबाने सुरू होणारी सगळीच वगळली.

“मग दुरुस्त का नाही केलं?”

“तोवर लोकांना सवय झाली. मग चुकीला सोय म्हणायला लागले.”

“म्हणजे दोष कोणाचाच नाही?”

“पुढे काय होईल ते बघितलं नाही, हा दोष. पण तुला दोषाला चेहरा लागतो.”

पुढे मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत गेले, पत्रकं लिहायला लागले, तेव्हा त्यांनी माझं नाव पत्रकवाली ठेवलं. लॅबच्या दारात दिसले की, “काय पत्रकवाली, आज कोणाची पाळी?”

आता टिंब त्यांनी का लावलं ते सांगते. आमच्या कॉलेजच्या कार्यालयाची एक रीत होती. दिवाळीच्या आधी कपाटं झाडतात, जाळी काढतात, रद्दी विकतात, तसेच कार्यालयवाले संगणकही ‘साफ’ करायचे. हेडक्लार्क नाना, चष्मा कपाळावर चढवून, सर्व्हरसमोर बसायचे आणि जे नाव ओळखीचं नाही ते पुसून टाकायचे. दोन दिवस हा कार्यक्रम चालायचा आणि शेवटी चिवडा असायचा. एका दिवाळीत हनीफभाईंनी वर्षभर जमवलेली हजेरी अशीच गेली. नाना म्हणाले, “अरे, मला वाटलं कचरा आहे. नाव पण काय, हजेरी दोन. हजेरी एक तर माझ्याकडे आहे.”

हजेरी एक म्हणजे कायम नोकरीवाल्यांची. हजेरी दोन म्हणजे अकरा कंत्राटी लोकांची: पहारेकरी, ग्रंथालयातला शिपाई, झाडूवाल्या, माळी, आणि लॅबचे हनीफभाई. या अकरांची हजेरी कॉलेज ठेवत नसे, कारण ते म्हणे कॉलेजचे नव्हेत, एजन्सीचे. एजन्सी दर अकरा महिन्यांनी बदलायची आणि आपलं दप्तर घेऊन गायब व्हायची. मधे काही दिवस सगळ्यांना घरी बसवायचे, म्हणजे सेवेत खंड पडतो आणि कोणी सलग नोकरी केली असं म्हणू शकत नाही. हनीफभाईंनी एकट्याने ठरवलं की कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. रोज सकाळी अकरा जण लॅबमध्ये येऊन एका कागदावर सही करायचे. सह्या झाल्या की भाई तो कागद लगेच स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचे. ती दिवाळी झाल्यावर त्यांनी फोल्डरच्या नावाआधी टिंब लावलं. नानांच्या यादीतून फोल्डर नाहीसं झालं आणि पुढच्या सगळ्या दिवाळ्यांतून वाचलं. कागद मात्र रद्दीत जायचे. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. स्कॅन केलेली प्रत आत सुरक्षित होती ना.

कमलअक्का लॅब झाडायच्या. सही करून झाली की केरसुणी टेकवून उभ्या राहायच्या. “भाऊ, मन्हं नाव शे ना आज?”

भाई एलएस द्यायचे. पडदा रिकामा. “नही शे, अक्का.”

“आसं कसं नही? तुन्हा डोयासमोर सही करी मी.”

मग डॅश ए. टिंबवालं फोल्डर, आत महिना, आत कागद, कागदावर अक्कांची वेडीवाकडी सही.

“आते दिखनं. कसाले दडाडं मंग?”

“नानांपासून लपवायला.”

अक्का हसायच्या. वर्षानुवर्षं रोज हाच खेळ, रोज तेच हसणं. मी विद्यार्थिनी असताना हे बघितलंय आणि मला त्याचा कंटाळा यायचा.

हनीफभाईंची आणखी एक सवय लिहिते, कारण शेवटी ती लागणार आहे. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर लाल शाईने सही प्राध्यापक करायचे, सत्राच्या शेवटी, गठ्ठ्याने, न बघता. त्याआधी हनीफभाई प्रत्येकाच्या यंत्राशी येऊन प्रयोग चालतोय का बघायचे आणि चालला की पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘ह. पिं.’ आणि त्या दिवसाची तारीख लिहायचे. इतकं बारीक की भिंग लागावं. न चालणाऱ्या प्रयोगावर ती खूण कधी मिळाली नाही. प्राचार्यांच्या पुतण्यालाही नाही. “पेन्सिलच आहे ना भाई, टाका की,” तो म्हणाला होता. भाई म्हणाले, “म्हणूनच नाही टाकत.”

नंतर एक परिपत्रक आलं. ज्या कंत्राटी लोकांची दहा वर्षांहून जास्त सेवा आहे त्यांना कायम करण्याचा विचार एक समिती करणार, सेवेचा पुरावा द्या. अकराही जण त्यात बसत होते. पुरावा एकच होता आणि तो टिंबामागे होता. हनीफभाई खूश होते. मी त्यांना तसं एकदाच पाहिलं. म्हणाले, “सगळं काढून छापून देतो. खंडाचे दिवस संपू दे, परत आलो की पहिलं काम ते.”

मी म्हटलं, “पेनड्राइव्हवर एक प्रत घेऊन ठेवा ना.” त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: पेनड्राइव्ह लावू नये. व्हायरसने एकदा सगळी लॅब बसली होती, तेव्हा पाटी त्यांनीच लावली होती. “मीच मोडू?”

इथे मला त्यांचा राग येतो. अजूनही येतो. नियम मोडणाऱ्यांच्या कॉलेजात नियम पाळणारा एकच माणूस होता.

खंडाचे दिवस आणि दिवाळीची साफसफाई त्या वर्षी एकत्र आली. अकराही जण घरी. हनीफभाई जळगावला मुलीकडे गेले होते, तिचं बाळंतपण होतं. नेमकं त्याच आठवड्यात कार्यालयाने नव्या कंपनीला बोलावून सर्व्हर बदलायचं ठरवलं. हनीफभाईंनी सर्व्हरच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवून ठेवली होती: यादी काढताना डॅश ए लावणे. साफसफाईत ती खरवडून काढली गेली, काच ओल्या फडक्याने पुसली गेली.

बुधवारी सकाळी कोणीतरी भाईंना फोनवर सहज सांगितलं की सर्व्हर हलवताहेत. भाईंनी कार्यालयात फोन लावला. नाना म्हणाले, “हनीफ, तू सुट्टीवर आहेस ना? नातवंडं खेळव.” मग भाईंनी मला फोन केला. दहा वाजून पाच मिनिटांनी. माझ्या फोनमध्ये ती नोंद अजून आहे.

“पत्रकवाली, धुळ्यातच आहेस ना? लॅबमध्ये जा. त्या इंजिनिअरला एवढंच सांग, डॅश ए लावून बघ, मगच डिस्क कोरी कर. मी बस पकडतो, पण मला दोन वाजतील.”

“जाते भाई.”

मी स्टँडमागच्या छापखान्यात होते. तिथून कॉलेज चालत दहा मिनिटं. समोर पत्रकाचा कच्चा कागद होता. मथळा: अकरा जणांना न्याय द्या. मथळ्याची अक्षरं मला बारीक वाटत होती. ती मोठी केली तर खालची एक ओळ पानाबाहेर जात होती. ओळ कापायची की अक्षरं लहान करायची, यावर मी आणि छापखानेवाला वाद घालत बसलो. मागणीच्या ओळीत ‘तात्काळ’ हा शब्द होता. तो मी जाड करून घेतला.

अकरा चाळीसला मी लॅबमध्ये पोचले.

कंपनीचा इंजिनिअर भला माणूस होता. त्याने जुन्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये शिरून स्टारचं चिन्ह लावून सगळं नवीन डिस्कवर घेतलं होतं. स्टार म्हणजे सगळं, असं त्यालाही वाटत होतं. पण स्टारही टिंबवाली नावं सोडून देतो. मग त्याने खात्री केली. जुन्याची यादी काढली, नव्याची यादी काढली, साध्या एलएसने, शेजारी शेजारी ठेवून नाव न नाव ताडून बघितलं. दोन्ही जुळल्या. मग डिस्क कोरी केली आणि जागच्या जागी नवीन यंत्रणा भरायला घेतली.

दोन वाजता हनीफभाई आले. पहारा दुसऱ्या एजन्सीचा होता, त्यांना फाटकाशी अडवलं. मी जाऊन आत आणलं. वर येईपर्यंत त्यांनी मला काहीच विचारलं नाही. इंजिनिअरला म्हणाले, “डॅश ए लावलं होतं?”

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिलं. “सर, दोन्ही याद्या जुळल्या होत्या,” तो म्हणाला.

“जुळणारच,” हनीफभाई म्हणाले. मग एक खुर्ची ओढून बसले आणि कानावरची पेन्सिल काढून हातात धरली.

खंड संपल्यावर ते तीन दिवस त्या डिस्कसमोर बसले. हाती लागलं ते एका फेब्रुवारीच्या कागदाचा अर्धा तुकडा. समितीला कॉलेजने कळवलं: सदर कर्मचाऱ्यांची नोंद कार्यालयात आढळून येत नाही. मी ते पत्र घेऊन भाईंकडे गेले. नानांचं नाव घालून पत्रक काढायचं, कंपनीचं नाव घालून काढायचं, मी बोलत सुटले. भाईंनी ऐकून घेतलं. “पत्रात खोटं काही नाही,” ते म्हणाले. “आढळून येत नाही, हे खरंच आहे. कोणी विचारलं नाही की तुम्ही बघितलं कसं.”

मला तेव्हा सांगायचं होतं की दहा पाच ते अकरा वीस मी काय करत होते. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. दोषाला चेहरा लागतो ना मला. हा घ्या.

मग दर रविवारी हनीफभाई निघाले. एसटीने अमळनेर, एरंडोल, धुळ्याच्या गल्ल्या. एकेकाच्या घरी जाऊन पत्र्याच्या पेट्या उघडायला लावायच्या. पहारेकऱ्याकडे जुने बसचे पास. ग्रंथालयाच्या शिपायाकडे त्याच्या हस्ताक्षरातल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या. कमलअक्कांकडे काहीच नव्हतं. भाईंनी कॉलेजची वर्षावर्षाची स्नेहसंमेलनाची वार्षिकं जमवली आणि प्रत्येक सामूहिक फोटोच्या मागे, खांबाआड, केरसुणी घेतलेली अक्का शोधून तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढले. चौदा फोटो, चौदा गोल. कोणी तिला फोटोत बोलावलं नव्हतं. ती मागे काम करत होती म्हणून आली होती.

दहा फायली तयार झाल्या. त्यांनी त्या गादीच्या पट्टेरी कापडाच्या पिशवीत घालून धुळ्याच्या स्टँडवर माझ्या हातात दिल्या. ते जळगावला निघाले होते. महिनाभर छातीत दुखत होतं, मुलीने बोलावलं होतं.

मी मोजल्या. “भाई, दहा आहेत. तुमची?”

“माझं काय, मी तर रोज समोरच होतो. माझ्याबद्दल कोण नाही म्हणेल?”

“लिहून काहीतरी लागेल ना.”

“बघू, परत आलो की.”

खिडकीशी बसले. वाहकाने यंत्रातून तिकीट काढून दिलं. भाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

“काय लिहिताय?”

“तारीख.”

“छापलेली आहे ना भाई त्याच्यावर.”

“ती त्यांची,” ते म्हणाले. “ही माझी.” तिकीट खिशात ठेवलं, गाडी हलली, आणि त्यांनी हात करायच्या आधीच एक टेम्पो मधे आला. टेम्पो गेला तेव्हा बस वळणापार होती. एवढंच शेवटचं दर्शन.

त्या उन्हाळ्यात ते जळगावलाच वारले. कॉलेजात शोकसभा झाली नाही. शोकसभा सेवकांची होते, म्हणजे कायम नोकरीवाल्यांची.

समितीने दहा फायली मान्य केल्या. दहाही जण कायम झाले. कमलअक्कांना पत्र मिळालं त्या दिवशी त्या ते घेऊन संघटनेच्या खोलीवर आल्या, वाचता येत नाही म्हणून. मी वाचून दाखवलं. यादीत सगळ्यांची नावं होती. अक्कांनी आपल्या नावावर बोट फिरवलं आणि विचारलं, “भाऊनं नाव शे ना यामा?”

“नही शे, अक्का.”

अक्कांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, “ते डॅश ए लाव ना माय.”



समिती म्हणते, हनीफ पिंजारी यांच्या सेवेचा लेखी पुरावा नाही. नाना म्हणतात, माणूस चांगला होता, पण कागद पाहिजे. प्राध्यापक म्हणतात, आम्हाला आठवतो, पण सही कशी देणार. या सगळ्यांच्या नाकासमोर तो माणूस रोज उभा होता. भाईंना वाटलं होतं की कोणी नाही म्हणणार नाही. त्यांना बरोबर वाटलं होतं. नाही कोणीच म्हटलं नाही. हो सुद्धा कोणी म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात आईने अमळनेरच्या घरचा माळा झाडायला काढला आणि माझी जर्नल्स रद्दीत टाकायला खाली आणली. मी सहज एक उघडलं. लाल शाईची सही पार उडून गेली आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र ‘ह. पिं.’ आणि तारीख जशीच्या तशी. पुढच्या पानावर पुढची तारीख. तीन वर्षं, दर आठवड्याला. तीन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर त्या पानावर लिहीत होते आणि मला वाटायचं, हे तर नुसतं पेन्सिलीचं आहे.

माझी तीन वर्षं झाली. समितीला दहा पाहिजेत. उरलेली वर्षं तुमच्याकडे आहेत. धुळ्याच्या त्या खोलीत तुम्ही बसला असाल, पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारी, तर तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची पानं तुमच्या माळ्यावर आहेत, पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली, कुठेतरी. हनीफभाईंचं नाव सेवकांच्या नोंदीत लागलंच पाहिजे आणि ते तुमच्याशिवाय लागणार नाही.

दिवाळी जवळ आली आहे. तुमच्या घरी साफसफाई निघेल. रद्दीवाला येण्याआधी माळ्यावर चढा. जर्नल खाली काढा, वरचा उजवा कोपरा उजेडात धरा. फोटो पाठवू नका, पान संघटनेच्या खोलीवर आणून द्या. आणि मी केलं ते करू नका. हातातलं काम ठेवा आणि आत्ता उठा.